लांबडी की ठेंगणी

वडिलांचा दहावा मी सकाळी साडेअकरापर्यंत आटोपणार होते. याला बढाई म्हणू नका, हे नियोजन होतं! कार्डिफच्या युनिव्हर्सिटीत मी लायब्ररीयन आहे. सहा लाख पुस्तकं मी जागच्या जागी ठेवते. भाताचे चार पिंड जागेवर ठेवायला मला कितीसा वेळ लागणार होता?

माझ्याकडे यादी होती. काळे तीळ, दर्भ, फॉइलचे ट्रे, थर्मास, कोरडे मोजे, आणि शेवटी, कौन्सिलच्या नियमाप्रमाणे, कचऱ्याची पिशवी. एकेका गोष्टीपुढे मी खूण करत होते. आपलं माणूस गेल्यावर काय करायचं असतं ते मला कळत नव्हतं. खुणा करणं कळत होतं.

तसा तो दहावा एकोणिसाव्या दिवशी होता. इथे दहनाची तारीख मिळायलाच वेळ लागतो. बाबांना ती दहाव्या दिवशी मिळाली. दिवस कधीपासून धरायचे, असं मी वेम्बलीच्या गुरुजींना फोनवर विचारलं, तेव्हा त्यांनी आधी पंचांगाची पानं उलटली. मग म्हणाले, "दहनापासून धरा. उशीर झाला यात त्यांचा काही दोष नाही."

एडिनबराजवळ पोर्टोबेलोचा किनारा आहे. जानेवारीतल्या मंगळवारी तिथे आम्ही तिघं उभे होतो. मी, आई आणि अतुलमामा. मामा आईचा धाकटा भाऊ. वेम्बलीत ड्रायव्हिंग शिकवतो, त्यामुळे जगात कोणीही काहीही चालवत असलं तरी त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो. गुरुजी माझ्या मोबाइलमध्ये, स्पीकरवर, उलट्या केलेल्या डब्यावर ठेवलेले.

पिंड मांडले. हात जोडले. कावळ्याची वाट पाहू लागलो. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे मी कुठल्याही कॅटलॉगमध्ये वाचलेलं नाही, पण मलाही ते माहीत आहे.

कावळा आला नाही. सीगल आले!

"गुरुजी, सीगल आलेत."

"किती आहेत?"

"मोजण्यासारखे नाहीत."

"शिवू देऊ नका! कावळाच पाहिजे."

मामाने छत्री उघडली आणि सीगलवर चाल केली. वाऱ्याने छत्री उलटी केली. सीगल मांजरांएवढे होते आणि मामापेक्षा जास्त अनुभवी होते. कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाई थांबल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "पिकनिक?"

"फॉर माय ब्रदर-इन-लॉ," मामा धापा टाकत म्हणाला.

"तो येतोय का?"

"नाही. कावळा येतोय."

बाई कुत्र्याला घेऊन जरा वेगाने पुढे गेल्या.

आणि खरंच एक कावळा आला. समोरच्या दिव्याच्या खांबावर बसला. बसला तो बसलाच! दहा मिनिटं झाली, वीस झाली. साडेअकरा वाजून गेले. गुरुजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिलीय. शब्द द्या."

मी पुढे झाले. "बाबा, आईची काळजी करू नका. मी आहे ना."

कावळ्याने पंख खाजवले. कार्डिफ तिथून चारशे मैलांवर आहे, हे त्याला ठाऊक असावं.

मामाने घसा साफ केला. "भाऊजी, तुमचं ड्रिल मशीन माझ्याकडे आहे. ब्याण्णव सालापासून. देतो परत."

कावळ्याने एक पाय बदलला.

"हलला! हलला! ड्रिलचे बिट्सपण देतो, भाऊजी!"

कावळा पुन्हा दगड झाला. मग आई पुढे आली. एकोणीस दिवसांत ती चहा, पोस्ट आणि हीटिंग यांपलीकडे काही बोलली नव्हती. ती पिंडांकडे बघत, बाबा पेपरमधून डोकं वर काढत नसले की काढायची त्या आवाजात म्हणाली,

"अहो, ती तुमची बर्फावरची गाडी. बसते मी तिच्यावर. झालं?"

कावळा सरळ खाली आला आणि शिवला.

"शिवला का?" फोनमधून गुरुजी.

"शिवला!"

"उत्तम. कशावर शिवला?"

शेवटी मामाच म्हणाला, "स्नोमोबाइलवर."

आता हे सांगायला हवं. माझे वडील, शशिधर भंगाळे, भुसावळचे. भुसावळच्या मे महिन्यातून सुटून ते एडिनबराला आले आणि तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या बॉयलर हाउसमध्ये नोकरीला राहिले. म्हणजे एका भट्टीतून दुसऱ्या भट्टीत. रिटायर झाले त्या आठवड्यात त्यांनी कॅनडाहून दोन कॅटलॉग मागवले. एकात, चाकांऐवजी फिरतो तो पट्टा लांब असलेली गाडी होती, खोल भुसभुशीत बर्फातून उभा चढ चढणारी. दुसऱ्यात आखूड पट्ट्याची, जाड शॉकअब्जॉर्बरची, दगडधोंड्यांवरून आणि खाचखळग्यांतून जाणारी. एकीला ते लांबडी म्हणायचे, दुसरीला ठेंगणी. सहा वर्षं त्यांनी एकच प्रश्न विचारला. मला, मामाला, पोस्टमनला, दात काढणाऱ्याला, तोही त्याची बोटं यांच्या तोंडात असताना.

"लांबडी घ्यावी की ठेंगणी? तू काय घेशील?"

एडिनबरात वर्षातून तीन दिवस बर्फ पडतो. डॉक्टर म्हणाले होते, "मिस्टर भंगाळे, मी बसचा पास घेईन."

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला परत विचारलं. मी कार्डिफहून ट्रेनने सात तास प्रवास करून आले होते. रिपोर्ट नुकते कळले होते. मी म्हणाले, "काहीही घ्या हो, बाबा."

ते बरं म्हणाले.

तेरावं झाल्यावर मी कार्डिफला परतले. सहा दिवसांनी मामाचा फोन.

"मिनू, ताईने भात सोडला!"

"म्हणजे?"

"आत्ता विचारलं, जेवलीस का. म्हणाली, भात बंद आहे. गाडीचा शब्द दिलाय ना तिने! तो पुरा होईपर्यंत भात बंद! अगं, नवस आहे तो!"

मी ताबडतोब आईला फोन लावला. "आई, तू भात खात नाहीस?"

"नाही."

"त्या गाडीसाठी?"

तिने आधी किटली बंद केली. मग, "असू दे गं."

आमच्या घरात "असू दे गं" म्हणजे हो. संशयाला जागाच नव्हती! आणि आमची आई म्हणजे पोळीला तोंडी लावण्यापुरती मानणारी बाई. तिचं जेवण म्हणजे भात. भात नाही म्हणजे मग चहा आणि डायजेस्टिव्ह बिस्किटं. तीन आठवड्यांत तिची अंगठी बोटातून निसटायला लागली, तर तिने आतून सेलोटेप गुंडाळून ती बसवली. दवाखान्यातल्या नर्सने वजन केलं. एक स्टोन कमी, म्हणजे सहा किलोंच्या वर. नर्सने मला कार्डिफला फोन करून विचारलं, "तुमच्या आईला भूक लागत नाही का?" मी म्हणाले, "लागते. पण तिने एका पक्ष्याला शब्द दिलाय."

नर्स म्हणाली, "मी डॉक्टरांशी बोलते."

बाबांच्या वेळी मी उशिरा पोचले होते. आईच्या वेळी पोचायला नको म्हणून मी कामाला लागले. रोज संध्याकाळी मी आईला फोन करायचे, माझा झाला की मामा करायचा, आणि मग आम्ही दोघं एकमेकांना करायचो. मधल्या वेळात मी स्कॉटलंडभर स्नोमोबाइल शोधत होते. शेवटी एव्हीमोरच्या पुढे एक डुगल नावाचा माणूस सापडला. शेतावरच्या गोठ्यात तो असल्या गाड्या दुरुस्त करायचा.

"कोण चालवणार?" त्याने विचारलं.

"मी."

"आधी चालवलीय?"

"वाचलंय."

फोनमधून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "का चालवायचीय?"

मी खरं ते सांगितलं. बाबा, पिंड, कावळा, भात, सगळं. सांगताना मलाच ऐकवेना. डुगल म्हणाला, "माझी आजी घरात कोणी गेलं की मधमाश्यांना जाऊन सांगायची. नाहीतर त्या रुसतात. शनिवारी या. माझ्याकडे दोन आहेत, एक लांब, एक छोटी. कुठली काढून ठेवू?"

कुठली!

मी म्हणाले, "उद्या सांगते." आणि या गाड्यांवरची बाबांची वही काढली. ती मी एडिनबराहून आणली होती, उघडली नव्हती. चाळीस पानं, मधोमध रेघ, डावीकडे लांबडी, उजवीकडे ठेंगणी. बॉयलरच्या नोंदी करायचे त्याच सरळ अक्षरात. माझ्या नोकरीत मी पुष्कळ संशोधन पाहिलंय. इतकं निःपक्षपाती संशोधन पाहिलेलं नाही. एका बाजूला एक गुण लिहिला की दुसऱ्या बाजूला तोडीस तोड दुसरा. चाळिसाव्या पानापर्यंत काटा मध्येच! निकाल मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला असणार, म्हणून मी तो उघडला. तिथे हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवसाची तारीख होती आणि तिच्याखाली एकच ओळ.

"मीनलला विचारणे."

मी वही मिटली. पातेल्यात दूध होतं ते उतू गेलं, ते पुसलं. मग डुगलला फोन केला आणि म्हणाले, "लांबडी!"

याला माझ्याकडे भक्कम कारण होतं. भुसावळचा माणूस बर्फाचं स्वप्न बघेल तर गळ्यापर्यंत खोल, भुसभुशीत, पांढऱ्याशुभ्र बर्फाचंच बघेल. त्याला दगडधोंडे कशाला हवेत? ते भुसावळला आहेतच!

मामाला हे मान्य नव्हतं. "मिनू, स्कॉटलंड आहे ते. बर्फ कमी, दगड जास्त. ठेंगणी घे."

"मामा, मी चाळीस पानं वाचलीत."

"मी चाळीस वर्षं क्लच बघतोय."

"निर्णय झालाय!"

शनिवारी आम्ही एडिनबराहून मामाच्या गाडीने निघालो. मामाची गाडी म्हणजे छपरावर लाल एल लावलेली शिकवणीची गाडी. मोटरवेवर लोक आमच्यापासून पन्नास यार्ड लांब राहत होते. पुढच्या सीटवर आई, आणि शिकवणीच्या गाडीत त्या सीटपुढे मास्तरासाठी वेगळा ब्रेक असतो. ट्रक दिसला की आईचा पाय पडायचा. वाटेतलं पर्थ येईपर्यंत आम्ही अकरा वेळा कारण नसताना थांबलो.

"ताई, पाय वर घे!"

"तो ट्रक बघ केवढा आहे."

"तो उलट्या दिशेने चाललाय!"

"म्हणून काय झालं? आहे तर खरा."

डुगल गोठ्याच्या दारात उभा होता. साठीचा, लाल नाकाचा, कमी बोलणारा. त्याच्यामागे त्या दोघी. लांबडी काळीभोर, लांबलचक, मगरीसारखी पसरलेली. ठेंगणी पिवळी, जुनी, पुढचा दिवा टेपने चिकटवलेली. सहा वर्षं ज्यांच्याबद्दल ऐकलं त्या दोन बाया एकदम समोर याव्यात तशी मी बघत राहिले. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "या का त्या."

आईने बाबांचं बॉयलर हाउसचं नारिंगी जाकीट घातलं होतं. बाह्या दोनदा दुमडूनही हात दिसत नव्हते. हेल्मेट तिच्या अंबाड्यावरून खाली उतरेना. डुगलने ढकललं, मामाने दाबलं, आई "अरे, डोकं आहे ते!" म्हणाली. शेवटी तिने अंबाडा सोडला आणि तिथेच उभ्या उभ्या वेणी घातली. मी तिला वेणीत पहिल्यांदाच पाहत होते.

"ही लांब एका माणसासाठी असते," डुगल म्हणाला. "पण तुम्ही दोघी मिळून दीडच आहात. एक लक्षात ठेव. गेल्या आठ दिवसांत ताजा बर्फ पडलेला नाही. खालचा लोखंड झालाय. हिला ते आवडत नाही. छोटीला गार ठेवायला फॅन आहे, तिला काही फरक पडत नाही. अजून विचार बदल."

"थँक यू," मी म्हणाले, "वडिलांनी बराच अभ्यास केला होता."

पुढे ठेंगणीवर डुगल, त्याच्यामागे मामा. मागे लांबडीवर मी, माझ्यामागे आई.

"याला आरसे कुठेत?" मामा ओरडला.

"नाहीत," डुगल म्हणाला.

"मग मागचं कसं दिसतं?"

"वळून."

"असं शिकवतात का तुमच्याकडे?"

पुढचं ऐकू आलं नाही, कारण मी अंगठ्याने रेसचा खटका दाबला. लांबडी उडालीच! आईचे हात माझ्या पोटाभोवती असे आवळले की सकाळचा टोस्ट आठवला. पाच मिनिटं आम्ही झकास चाललो होतो. वारा, पांढरा डोंगर, वर निळं. मी मनात म्हणाले, बघा बाबा, अशी!

मग खडखडाट सुरू झाला. डुगल म्हणाला होता तसा खालचा बर्फ फरशीसारखा होता, आणि त्यातून खडक आणि काटेरी झुडपं डोकी वर काढून बसली होती. गाडी डब्यातल्या खड्यासारखी वाजत होती. समोर एक लाल दिवा लागला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. आईने पाठीवर टकटक केलं.

"मिनू, काहीतरी शिजतंय."

"काही नाही गं!"

"गोड वास येतोय. पाण्यात घालतात ते औषध जळतंय. तुझ्या बाबांच्या कपड्यांना यायचा."

बॉयलरवाल्याच्या बायकोला कोण फसवणार? वाफ निघायला लागली आणि मला बाबांच्या वहीतलं एकतिसावं पान डोळ्यांसमोर दिसलं. "लांबडी: कडक बर्फावर तापते. पट्ट्याने भुसभुशीत बर्फ उडून आतून लागत राहिला पाहिजे, त्यानेच ती गार राहते." मी वाचलं होतं! अधोरेखितसुद्धा होतं! पण माझं मत आधीच झालं होतं, आणि मत झाल्यावर माणूस काय वाचतो हे लायब्ररीयनला वेगळं सांगायला नको.

भुसभुशीत बर्फ हवा होता. डाव्या हाताला दगडी कुंपणाच्या आडोशाला एक घळ होती, आणि वाऱ्याने उडून आलेला सगळा बर्फ तिच्यात जमलेला. मऊ, खोल, कापसासारखा. मी लांबडी वळवली.

"तिकडे नको," आई म्हणाली.

"आई, ही त्यासाठीच बनवलीय!"

आणि ती खरंच त्यासाठीच बनवलेली होती. आम्ही त्या बर्फात शिरलो आणि सगळा आवाज थांबला. बर्फ दोन्ही बाजूंनी पंखांसारखा उडाला, लाल दिवा विझला, गाडी तरंगू लागली. तीन सेकंद! एवढं सुंदर काही मी आयुष्यात केलेलं नाही. त्यामुळे मी घाबरले आणि अंगठा सोडला.

बारावं पान: "भुसभुशीत बर्फात थांबू नये."

लांबडी बुडाली. म्हैस तळ्यात बसते तशी, घाई न करता, सीटपर्यंत. मी पुढच्या काचेवरून तोंडावर पडले. उठून बघते तर आई कमरेपर्यंत बर्फात उभी, हात अजून माझ्या पोटाभोवती असावेत तसे गोल. दूर वर कड्यापाशी ठेंगणी दिसली. मामा डुगलच्या खांद्यावरून हात पुढे करून त्याला काहीतरी शिकवत होता. मग ते दोघं कड्यापलीकडे गेले.

"आई, लागलं?"

"नाही."

"सॉरी."

"बस."

लांबडीची सीट बर्फाबरोबर समतळ आली होती. आम्ही तिच्यावर शेजारी शेजारी बसलो, बसथांब्यावर बसतात तशा. खालून इंजिन टिक टिक करत गार होत होतं. बाकी काहीच आवाज नव्हता. मी म्हणाले, "चला, गाडी तर झाली. आज भात खाशील ना?"

"कसला भात?"

"तू सोडलायस तो."

"मी कधी सोडला?"

"आई! कावळ्याला शब्द दिलास, तो पुरा होईपर्यंत भात बंद!"

"कोण म्हणालं असं?"

"मामा."

"अतुल!" आईने कड्याकडे बघितलं. तो तिथे नव्हता हे त्याचं नशीब. "भाताचा आणि गाडीचा काय संबंध?"

"मी तुला विचारलं होतं फोनवर. तू म्हणालीस, असू दे गं."

"मग काय सांगू?" आई म्हणाली. तिने दुमडलेली बाही सोडली आणि परत दुमडायला घेतली. "एकटीचा भात टाकता येत नाही मला, मिनू. वाटीभर टाकला की दोघांचा होतो. अर्धी वाटी टाकली की पातेल्याला लागतो. बेचाळीस वर्षांत अर्धी वाटी कधी टाकलीच नाही. दोनदा करून बघितला आणि बंद केला. आता हे काय फोनवर सांगायचं?"

मी गप्प बसले. गप्प बसायचा मला पगार मिळतो. पण त्या वेळी तो अनुभव काही उपयोगी पडला नाही.

बऱ्याच वेळाने मी म्हणाले, "मग तीन आठवडे आम्हाला का नाही सांगितलंस? आम्ही वेड्यासारखे गाड्या शोधत होतो."

"तुम्ही दोघं रोज फोन करायला लागलात," आई म्हणाली.

कड्यावर कोणी दिसत नव्हतं.

"आणि कावळ्याला मग कशाला बोललीस?"

"माझे पाय गारठले होते. घरी जायचं होतं मला."

मी बर्फाचा एक गोळा केला, फोडला, परत केला. आणि पुठ्ठ्याच्या आतल्या ओळीबद्दल सांगितलं. मीनलला विचारणे. ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना आवाज नीट ठेवला. "आणि त्यांनी विचारलं, आई. मी म्हणाले, काहीही घ्या."

आई म्हणाली, "वही उलटी धर कधीतरी. दर पानाच्या मागे, तळाशी, पेन्सिलीने बारीक लिहिलंय. अतुलला विचारणे. पोस्टमनला विचारणे. त्या दातवाल्याला विचारणे. त्यांना घ्यायची कुठे होती? घेतली असती तर मग लोकांशी बोलले काय असते?"

मी तिच्याकडे वळले. हेल्मेटची काच आतून पांढरी झाली होती आणि नारिंगी जाकिटाचे खांदे हलत होते. ती हसत होती की काय, ते मला दिसलं नाही. मीही माझी काच खाली ओढून घेतली.

तासाभराने ते दोघं परत आले. मामा शंभर यार्डांवरूनच ओरडत होता, "इंडिकेटर न देता वळलीस ना? मी सांगत होतो याला, ती इंडिकेटर देणार नाही!"

डुगलने फावडं काढलं, दोर काढला आणि पिवळ्या ठेंगणीने मगरीला त्या घळीतून ओढून काढलं. तो म्हणाला, "मोठी कॅनडासाठी चांगली आहे." एवढंच. त्याचं ते एवढंच मला मामाच्या पुढच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त लागलं.

"ताई, झाली एकदाची!" मामा हात चोळत म्हणाला. "आता नवस फिटला! आता पोटभर भात खा!"

"अतुल," आई म्हणाली, "इकडे ये जरा."

त्यांचं जे बोलणं झालं ते मी लिहीत नाही. मामा चौसष्ट वर्षांचा आहे.

लांबडीत आता पाणीच उरलं नव्हतं, त्यामुळे ती तिथेच ठेवावी लागली. ठेंगणीवर दोघंच बसू शकत होते. डुगलने आईला मागे बसवलं आणि खाली नेलं. मी आणि मामा चालत निघालो. अर्ध्या वाटेवर आलो तर ठेंगणी खालून परत वर येताना दिसली.

"आपल्याला घ्यायला आला वाटतं," मामा म्हणाला आणि हात वर केला.

ठेंगणी आमच्या शेजारून खडकांवरून टणाटण उड्या मारत गेली. डुगलच्या मागे नारिंगी जाकीट होतं आणि हेल्मेटखालून पांढरी वेणी उडत होती. आईने आमच्याकडे बघितलं नाही. तिचे दोन्ही हात कामात होते. वर कड्याला वळसा घालून ते पुन्हा आमच्या शेजारून खाली गेले.

या फेरीचा शब्द तिने कोणालाच दिला नव्हता.

मी कार्डिफला परतले. सोमवारी संध्याकाळी फोन केला.

"जेवलीस?"

"जेवले."

"काय?"

"वरण-भात."

"किती टाकलास?"

"वाटीभर."

मी म्हणाले, "म्हणजे दोघांचा."

"हो. रात्री अर्धा, आणि सकाळी उरलेल्याचा फोडणीचा. पोस्टमनला दिला आज थोडा. तिखट लागला त्याला."

मी फोन ठेवला आणि लगेच मामाला लावला. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. "मामा, आई भात खायला लागली! म्हटलं नव्हतं, मी तिचा उपास सोडवते म्हणून? शेवटी सोडवलाच की नाही?"

मामा म्हणाला, "ठेंगणी घेतली असतीस तर तासभर आधी सुटला असता."

याला माझ्याकडे बिनतोड उत्तर होतं. ठेंगणी घेतली असती तर आम्ही अडकलोच नसतो, अडकलो नसतो तर त्या सीटवर बसलो नसतो, आणि बसलो नसतो तर आई बोललीच नसती; म्हणजे माझी निवड बरोबर होती! फक्त हे उत्तर मला तीन दिवसांनी सुचलं, लायब्ररीत, एका विद्यार्थ्याच्या दंडाची पावती फाडताना. मी तिथूनच मामाला फोन केला. तो एका बाईंना राउंडअबाउट शिकवत होता.

"लेफ्ट, लेफ्ट, लेफ्ट! मिनू, नंतर!" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

या गोष्टीला आता चार महिने झाले. त्याचं ते "नंतर" अजून आलेलं नाही.